नमुन्याच्या चिठ्ठीवर मशागतीचा रकाना हवा

प्रति,
माती परीक्षण प्रयोगशाळांचे प्रमुख आणि खत शिफारशी ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे मातीचा नमुना येतो तेव्हा पिशवीसोबत एक चिठ्ठी असते. तीत शेतकऱ्याचं नाव, शेताचा क्रमांक, मागचं पीक, पुढचं पीक, पाण्याची सोय असे रकाने असतात. जमीन नांगरली होती का, किती खोल, किती वर्षांपासून, मागचं खत फोकून (वरून पसरून) दिलं होतं की पेरून, हे मात्र कुठेच विचारलेलं नसतं. तरीही त्या पिशवीतल्या मातीवरून आपण स्फुरदाचा (फॉस्फरसचा) आकडा काढता आणि त्यावरून हेक्टरी किती खत द्यायचं ते ठरवता. हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

आपले अहवाल शेतकऱ्यांसोबत बसून वाचणं हे माझं रोजचं काम. आपल्या आकड्यांवर माझा अविश्वास नाही. त्रास वेगळाच आहे: आकडा बरोबर असतो आणि सल्ला तरी फसतो. स्फुरद ‘भरपूर’ असलेल्या शेतात कोवळ्या मक्याची पानं जांभळी पडतात, गव्हाला फुटवे कमी येतात. दुसरीकडे स्फुरद ‘कमी’ असलेलं शेजारचं शेत बरं पिकतं. अशा वेळी शेतकरी प्रयोगशाळेला दोष देतो, प्रयोगशाळा नमुना घेणाऱ्याला दोष देते आणि पुढच्या वर्षी सगळे अंदाजाने खत टाकतात.

नत्राच्या (नायट्रोजनच्या) बाबतीत मशागत न विचारणं एक वेळ खपून जातं. नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं आणि मूळ पाणी ओढतं तसं पाण्याबरोबर मुळापाशी येतं. स्फुरदाचं तसं नाही. थोडा हिशेब मांडतो. मातीच्या कणांमधल्या पाण्यात विरघळलेलं स्फुरद लिटरला ०.१ मिलिग्रॅम धरू. कित्येक जमिनींत ते याच्या आसपासच असतं. वाफशावर, म्हणजे मशागतीजोगत्या ओलीवर, असलेल्या हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे ४ लाख लिटर पाणी मावतं. म्हणजे एका क्षणी पिकाला थेट उचलता येईल असं स्फुरद हेक्टरी ४० ग्रॅम. हेक्टरी ५ टन दाणा देणारं तृणधान्याचं पीक मात्र हंगामात १५ ते २० किलो स्फुरद उचलतं. याचा अर्थ ते ४० ग्रॅम हंगामात चारशे-पाचशे वेळा संपून पुन्हा भरावे लागतात. त्याच थरात एकूण स्फुरद हेक्टरी टनाच्या घरात असतं, पण त्यातलं बहुतेक कॅल्शियम, लोह किंवा अॅल्युमिनियमला बांधलेलं, नाहीतर सेंद्रिय पदार्थात अडकलेलं.

ही भरपाई मातीच्या कणांच्या अंगावरून होते. तिथून मुळापर्यंतचा प्रवास विसरणाने, म्हणजे दाट जागेकडून विरळ जागेकडे हळूहळू पसरत, होतो आणि तो जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा असतो. त्यापलीकडचं स्फुरद अहवालात ‘उपलब्ध’ म्हणून मोजलेलं असलं तरी त्या मुळाच्या लेखी नाहीच. मूळ पुढे सरकलं, त्याला केसमुळं फुटली, किंवा मुळावर वाढणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे धागे लांबवर पसरले, तरच पुढचा साठा हाती लागतो. हे सगळं घडेल की नाही, हे जमीन कशी कसली जाते यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतं.

आता आपल्या टेबलावर काय होतं ते पाहू. नमुना सावलीत वाळवतात, लाकडी खलात कुटतात, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. ऑल्सेन पद्धत असेल तर मातीच्या वीसपट सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण, सामू (पीएच) ८.५ केलेलं, घालून अर्धा तास हलवतात, गाळतात, मॉलिब्डेटने निळा रंग आणतात आणि तो किती गडद आहे ते मोजतात. आम्ल जमिनीसाठी ब्रे पद्धत. रसायन म्हणून यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण कुटणं आणि चाळणं या दोन पायऱ्यांत शेतातली ढेकळं, मातीचे रवे, नांगराच्या तळाखालचा कडक थर, गांडुळांची बिळं, जुन्या मुळांच्या वाटा, सगळं पुसलं जातं. बाटलीतला प्रत्येक कण द्रावणाला भेटतो. शेतात मुळाला भेटणारे कण त्यातले थोडेच.

हा तर्क माझ्या पदरचा नाही. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात अॅग्डेल नावाचं एक शेत आहे, तिथला प्रयोग १८४८ पासूनचा. त्या शेतात वेगवेगळ्या इतिहासामुळे मातीचे दोन प्रकार तयार झाले होते: एकात सेंद्रिय पदार्थ २.४ टक्के, दुसऱ्यात १.५ टक्के. जमीन मुळात एकच, चिकण पोताची, कसायला अवघड. तिथे स्फुरदाच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर जव, बटाटा आणि साखरबीट घेऊन पाहिलं. जवाला जवळजवळ पूर्ण उत्पादन मिळायला सेंद्रिय पदार्थ जास्त असलेल्या भागात ऑल्सेन स्फुरद किलोला सुमारे १६ मिलिग्रॅम पुरलं. सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या भागात सुमारे ४५ लागलं, आणि तिथलं उत्पादन तरीही हेक्टरी अर्ध्या टनाने मागे राहिलं. बटाट्यातली तफावत तर याहून मोठी.

पुढची पायरी मला सगळ्यात बोलकी वाटते. त्याच दोन मातींचे नमुने आणून, चाळून कुंड्यांत भरले आणि त्यांत राय गवत वाढवलं. कुंडीत दोन्ही मातींना लागणारं स्फुरद जवळपास सारखं निघालं, किलोला २३ आणि २५ मिलिग्रॅम. माती तीच, पद्धत तीच. फरक होता तो घडणीत, आणि चाळणीने तो मिटवला. शेतातल्या कमी सेंद्रिय पदार्थाच्या मातीत मुळं नीट पसरत नव्हती, म्हणून तिला जवळपास तिप्पट आकडा लागत होता. आपण शिफारशीच्या तक्त्यात ‘कमी’, ‘मध्यम’, ‘भरपूर’ या रेषा आखतो त्या एकाच आकड्यावर. अॅग्डेलमध्ये एकाच शेताला दोन रेषा लागल्या.

या रेषा कधीच्या आहेत हेही पाहण्यासारखं आहे. ब्रे आणि कुर्ट्झ यांची पद्धत १९४५ ची, ऑल्सेन आणि सहकाऱ्यांची १९५४ ची. तेव्हा शेत म्हणजे नांगरलेलं शेत, दुसरा प्रकार जवळजवळ नव्हताच. अमेरिकेत केंटकीतल्या हॅरी यंग यांनी नांगर न लावता पीक घेऊन दाखवलं ते १९६२ मध्ये. त्यानंतर शून्य मशागत जगभर पसरली, त्याच काळात रोटाव्हेटरही पसरला, म्हणजे एका टोकाला माती अजिबात न हलवणारे आणि दुसऱ्या टोकाला तिचं पीठ करणारे. चिठ्ठी मात्र दोघांना एकच.

शून्य मशागतीच्या शेतात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच. खत वर पडतं आणि वरच राहतं. पीक खालच्या थरातून स्फुरद उचलतं आणि काडीकचऱ्याच्या रूपाने ते पुन्हा वर टाकतं. काही वर्षांत वरच्या ५ सेंटिमीटरमध्ये स्फुरदाची साय धरते आणि खालचा थर रिता होत जातो. समजा, वरच्या ५ सेंटिमीटरमध्ये किलोला ३६ मिलिग्रॅम आहे आणि खालच्या १० सेंटिमीटरमध्ये ६. नमुना १५ सेंटिमीटरचा घेतला, बादलीत एकत्र केला, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवले, की प्रयोगशाळेत पोचतो तो १६ चा आकडा. शेजारच्या नांगरलेल्या शेतात वरपासून खालपर्यंत १६ च आहे. अहवाल दोघांचे अक्षरशः सारखे.

पाऊस नियमित असेल तर पहिल्या शेताचं फारसं बिघडत नाही. आच्छादनाखाली ओल टिकते, मुळं वर गर्दी करतात आणि त्या श्रीमंत थरातून पोट भरतात. पावसाने ओढ दिली की चित्र पालटतं. वरची माती वाळते, वाळलेल्या मातीत स्फुरद मुळाकडे सरकत नाही आणि मुळं जगतात ती खालच्या ओलीवर, जिथे आकडा ६ आहे. शेतकऱ्याला वाटतं पाण्याचा ताण पडला. पडलाच, पण त्याच्या पाठीवर बसून स्फुरदाचाही ताण आला आणि तो कुणाच्या हिशेबात नाही. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडच्या काळ्या चिकण जमिनींत नेमका हा प्रश्न आला. तिथे पिकं खोलवर साठलेल्या ओलीवर वाढतात आणि १० ते ३० सेंटिमीटरचा थर वर्षानुवर्षांच्या पिकांनी उपसला गेला होता. तिथल्या संशोधकांनी सुमारे २० सेंटिमीटर खोल पट्ट्यात स्फुरद देऊन पाहिलं, आणि एकदा दिलेल्या खताचा फायदा पुढची अनेक पिकं मिळत राहिला. वरच्या १० सेंटिमीटरचा नमुना पाहून हा सल्ला कुणालाच सुचला नसता.

वर साचलेल्या स्फुरदाचा त्रास शेतापुरता राहत नाही. उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवरात येणारं स्फुरद १९७० नंतरच्या उपायांनी बरंच कमी झालं होतं. मातीची धूप थांबावी म्हणून कमी मशागतीचा प्रसार झाला आणि कणांना चिकटून जाणारं स्फुरद घटलंही. पण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्या सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीतून येणारं विरघळलेलं स्फुरद वाढू लागलं. ऑगस्ट २०१४ मध्ये विषारी शेवाळामुळे टोलेडो शहरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. कारणं एकाहून अधिक आहेत, जमिनीखालचे निचऱ्याचे पाईप आणि जोराचा पाऊस त्यांत येतात. न नांगरलेल्या जमिनीवर फोकून दिलेलं खत हेही त्यांतलं एक मानलं जातं. ‘हेक्टरी अमुक किलो स्फुरद द्यावे’ एवढंच लिहिलेला अहवाल फोकणाऱ्यालाही तेच सांगतो आणि पेरणाऱ्यालाही.

यावरून कुणी म्हणेल की मग नांगरच बरा. इतकं सरळ ते नाही.

नांगर वरची साय खाली मिसळतो, हे खरं. पण खताचा दाणा जितक्या जास्त मातीत विखुरला जातो तितके त्याला बांधून ठेवणारे हात वाढतात. आम्ल जमिनीत लोह आणि अॅल्युमिनियम, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम. साधारण ६ ते ७ सामूच्या पट्ट्याबाहेर असलेल्या, स्फुरद कमी असलेल्या जमिनीत खत फोकून ते नांगराने खोल मिसळणं ही ते पिकापासून लांब ठेवण्याची चांगली रीत आहे. शिवाय नांगराबरोबर बुरशीच्या धाग्यांचं जाळं तुटतं. कॅनडात ऑन्टॅरिओतल्या ग्वेल्फ इथे मक्यावर झालेल्या कामात दिसलं की माती न हलवलेल्या ठिकाणी रोपं सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त स्फुरद उचलतात, कारण मागच्या पिकाच्या मुळांवरचं तयार जाळं त्यांना आयतं मिळतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर सुरुवातीचा हा फायदा दर वेळी दाण्यात उतरला नाही. थंड, ओलसर राहणाऱ्या न नांगरलेल्या जमिनीत मुळांची वाढ मंदावते आणि कमाई तिथे खर्च होते.

बुरशीवरून आठवलं. ऑस्ट्रेलियातच जमीन दीर्घकाळ पड ठेवल्यावर पुढचं पीक खुरटं येण्याचा अनुभव होता. विश्रांती मिळालेली, ओल साठलेली जमीन, आणि पीक मात्र स्फुरद आणि जस्ताच्या कमतरतेची लक्षणं दाखवतं. १९८० च्या दशकात उलगडा झाला: यजमान पीक नसल्याने बुरशीची संख्याच घटली होती. मोहरीवर्गीय पिकांच्या मुळांवर ही बुरशी वाढत नाही, त्यामुळे त्यांच्यामागून येणाऱ्या मक्यालाही सुरुवातीला ती कमी मिळते. उलट तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडून लोहाला बांधलेलं स्फुरद सुटं करतात, हे इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं. हे सांगायचं कारण असं की ‘मागचं पीक’ हा रकाना आपल्या चिठ्ठीवर आधीपासून आहे. तो भरून घेतला जातो, संगणकात टाकला जातो आणि स्फुरदाच्या शिफारशीत त्याचा वापर मी अजून पाहिलेला नाही. मशागतीचा रकाना मागताना मला भीती हीच वाटते की त्याचंही असंच होईल.

नांगरट आणि रोटाव्हेटरच्या शेतात खड्डा घेऊन पाहावा. पीक फुलोऱ्यात असताना ओळीला आडवा, हात-दीड हात खोल. एक भिंत सुरीच्या टोकाने हलकी खरवडून घेतली की वरचा भुसभुशीत थर आणि खालची माती यांच्यामधली रेघ उघड दिसते. कित्येकदा मुळं सरळ खाली येतात, त्या रेघेवर काटकोनात वळतात आणि आडवी पसरतात. मूठभर ढेकूळ काढून हळूहळू पाण्याने धुतलं की दिसतं, बारीक मुळं त्याच्या अंगावरून चपटी होऊन गेलेली असतात, आत एकही शिरलेलं नसतं. ते ढेकूळ प्रयोगशाळेत गेलं असतं तर खलात फुटलं असतं आणि आतलं सगळं स्फुरद आकड्यात आलं असतं. मातीचा मुळाला होणारा रोध २ मेगापास्कलच्या (हे दाबाचं माप) पुढे गेला की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ फार मंदावते. वाफसा नसताना फाळ चालवला, तीच खोली वर्षानुवर्षं ठेवली आणि वरून यंत्रांचं वजन पडलं, तर हा थर हमखास तयार होतो. तिथे स्फुरदाचा डोस वाढवून काही मिळत नाही. आधी मुळाला वाट मिळायला हवी.

मशागतीचा उत्पादनावर एकूण परिणाम काय, यावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेलं पिटेलकोव्ह आणि सहकाऱ्यांचं विश्लेषण अडचणीचं जातं. ६३ देशांतल्या ६१० अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा शून्य मशागतीत उत्पादन सरासरी ५.७ टक्क्यांनी कमी निघालं. पण कोरड्या हवामानात, पावसावरच्या शेतीत, आच्छादन आणि फेरपालट दोन्ही पाळले असतील तिथे ते ७.३ टक्क्यांनी वाढलं. नांगर वाईट की चांगला, हा प्रश्नच त्यामुळे फोल ठरतो. कुठल्या शेतात, कशासोबत, हे विचारावं लागतं, आणि आपली चिठ्ठी ते विचारू शकते.

एक छोटी बाब जाता जाता. बरेच अहवाल किलोला मिलिग्रॅम देण्याऐवजी हेक्टरी किलो देतात आणि त्यासाठी २.२४ ने गुणतात. या गुणकात १५ सेंटिमीटर थराचं वजन हेक्टरी २२.४ लाख किलो धरलेलं असतं, म्हणजे मातीची घनता घन सेंटिमीटरला १.४९ ग्रॅम. नुकत्याच कुळवलेल्या भुसभुशीत मातीची घनता १.१ असेल तर त्याच थराचं वजन भरतं १६.५ लाख किलो. किलोला १० मिलिग्रॅमचे अहवालात २२.४ किलो होतात, शेतातल्या त्या थरात प्रत्यक्षात असतात १६.५. मशागत आपण विचारली नाही, पण गुणकात गुपचूप गृहीत धरली. मूळ आकडाच छापावा, त्यात कुणाचं काही जात नाही. आणि स्फुरद मूलद्रव्य म्हणून दिलंय की पी-टू-ओ-फाइव्ह (स्फुरदाचं ऑक्साइड) म्हणून, हे ठळक लिहावं. दोन्हींत २.२९ पटींचा फरक आहे आणि त्यावरून होणारा घोळ मी नेहमी पाहतो.

शिफारशीच्या भाषेबद्दल. ‘किती’ हे आपण सांगता. ‘कुठे’ हेही सांगावं. स्फुरद कमी असलेल्या जमिनीत बियाण्याच्या ५ सेंटिमीटर बाजूला आणि ५ सेंटिमीटर खाली पट्ट्यात दिलेलं खत कमी मातीला शिवतं, म्हणून कमी बांधलं जातं, आणि पहिलं मूळ बाहेर पडताच त्याच्या वाटेत असतं. स्फुरदाची खरी निकड याच काळात असते. सुरुवातीच्या आठवड्यांत उपास घडला तर नंतर कितीही खत दिलं तरी गेलेले फुटवे परत येत नाहीत. बियाण्याला चिकटून डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) मात्र देऊ नये, त्यातून सुटणारा अमोनिया कोंब जाळतो. या दोन ओळी अहवालाच्या तळाशी छापायला जागा भरपूर आहे. सध्या तिथे जमीन कुठलीही असो, स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची शिफारस एकाच शब्दांत छापलेली असते. जिवाणूंचे परिणाम शेताशेताला इतके वेगळे येतात की सरसकट सल्ल्याच्या जागेवर त्यांचा तेवढा हक्क नाही.

‘दिलेल्या स्फुरदापैकी १० ते २५ टक्केच पिकाला मिळतं, बाकी वाया जातं’ हे वाक्य शिफारस पुस्तिकांमधून काढून टाकावं, अशी विनंती आहे. पहिला भाग पहिल्या हंगामापुरता खरा आहे. दुसरा नाही. रॉथॅमस्टेडच्याच ‘एक्झॉशन लँड’ या शेतात १८५६ ते १९०१ दरम्यान काही तुकड्यांना स्फुरद दिलं गेलं, मग थांबवलं. अनेक दशकांनंतरही, नत्र पुरेसं दिल्यावर, ते जुने तुकडे कधीच स्फुरद न मिळालेल्या तुकड्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त पिकत होते. सायर्स, जॉन्स्टन आणि कर्टिन यांनी २००८ मध्ये एफएओसाठी (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) लिहिलेल्या अहवालात दीर्घकाळाचा ताळेबंद मांडून दाखवलं की उपयोगाचं प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. बहुतेक स्फुरद वाया जात नाही, ते शिलकीत राहतं. शिलकीचा उपयोग मुळं तिथवर पोचण्यावर आहे, म्हणजे पुन्हा मशागत. ‘वाया जातं’ म्हटल्यामुळे शेतकरी भरपाई म्हणून जास्त टाकतो, आणि ते वरच्या ५ सेंटिमीटरमध्ये जाऊन बसतं.

आपल्याकडून येणाऱ्या हरकती मला माहीत आहेत, कारण तोंडी त्या मी ऐकल्या आहेत. दोन थरांचे नमुने म्हणजे काम दुप्पट. मान्य. पण सगळ्यांना दोन थर नकोत. पाच-सहा वर्षांपासून नांगर न लागलेल्या, खत वरून फोकलेल्या शेतापुरतेच ० ते ५ आणि ५ ते १५ असे वेगळे नमुने मागवा. ते शेत कोणतं, हे कळायलाच तर रकाना हवा. खत पट्ट्यात दिलं असेल तर सगळे नमुने नेमके ओळीवर किंवा नेमके दोन ओळींच्या मध्ये घेतल्याने आकडा भलतीकडे जातो, म्हणून तिथे नमुन्यांची ठिकाणं वाढवायला सांगावी. त्यासाठीही पट्टा होता हे आधी कळलं पाहिजे.

शेतकऱ्याला आठवत नाही, ही हरकत मला पटत नाही. मागच्या वर्षी खताची किती पोती टाकली याबद्दल तो गडबडेल. नांगर कधी लावला हे त्याला विचारा, तो महिना सांगेल.

तिसरी हरकत वजनदार आहे. मशागतीनुसार स्फुरदाच्या रेषा बदलायच्या तर त्यासाठी शेतावरचे प्रयोग हवेत, आणि बहुतेक ठिकाणी ते झालेले नाहीत. अॅग्डेलचे आकडे उचलून दुसऱ्या मातीला लावता येणार नाहीत, हे मलाही कळतं. म्हणून आजच तक्ते बदला असं मी म्हणत नाही. रकाना भरून घ्या, आकड्यासोबत साठवा, आणि शक्य तिथे पुढच्या हंगामाचं उत्पादन विचारून त्याच ओळीत नोंदवा. दरवर्षी हजारो नमुने आपल्या हातांखालून जातात. प्रयोग कुठल्या जमिनींत आणि कुठल्या मशागतीत आधी लावायला हवेत, हे या नोंदींवरून कळेल. आज ते कळायला काही मार्ग नाही.

मागच्या पाच वर्षांत शेवटचा नांगर कधी आणि किती खोल. रोटाव्हेटर वर्षातून किती वेळा. स्फुरदाचं खत फोकून, पेरून की पट्ट्यात. काडीकचरा शेतात राहतो की उचलला जातो. खड्ड्यात किंवा सळई खुपसून पाहिल्यावर कडक थर किती खोलीवर लागतो. इतकंच पुरे आहे. चिठ्ठ्या आधीच छापून पडल्या असतील तर त्या संपेपर्यंत थांबायचं कारण नाही, मागची बाजू कोरीच असते.

आपला,
मातीचे अहवाल शेतकऱ्यांसोबत वाचणारा एक सल्लागार